वाट सोडा... दारी बिडी!

बेळगावातून पश्चिमेला निघणारा वेंगुर्ला रोड आम्हा सीमाभागातल्या लोकांना घरच्या अंगणासारखा. हिंडलग्याचा गणपती, तिथले कारागृह, मग सुळगा, उचगाव फाटा, बाची आणि बाची मागे पडते न पडते तोच शिनोळी. इथे कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचा चंदगड तालुका. पाट्यांवरची लिपी बदलते. रस्त्याकडेच्या शेतातला ऊस, भात आणि रताळी मात्र तीच. पुढे पाटणे फाट्यावरून हा रस्ता आंबोलीकडे चढतो आणि घाट उतरून सावंतवाडी-वेंगुर्ल्याला जातो.

या रस्त्याने भाजी येते, दूध येते, शनिवारच्या बाजाराला माणसे येतात. आमच्या घरच्या मुली सासरी गेल्या त्याही याच रस्त्याने. आणि याच रस्त्याने पेशंट येतात. चंदगड तालुक्याला जिल्ह्याचे गाव कोल्हापूर शंभरहून अधिक किलोमीटरवर, तर बेळगाव हाकेच्या अंतरावर. सरकारी कागद कोल्हापूरला जातो, पण छातीत कळ आली की गाडी बेळगावकडेच वळते. त्यामुळे दोन राज्यांच्या रुग्णवाहिका इथे रोज दिसतात. १०८ क्रमांकाची सेवा कर्नाटकात २००८ साली सुरू झाली, महाराष्ट्रात २०१४ साली. त्यांच्या जोडीला खासगी गाड्या आहेतच.

हा रस्ता मी लहानपणापासून पाहिला, पण रुग्णवाहिकेच्या पुढच्या सीटवरून पाहिला तो एकदाच. पाटणे फाट्याजवळच्या गावात माझी मावशी दिली आहे. थंडीचे दिवस होते, मी दोन दिवस तिच्याकडे राहायला गेले होते. शनिवारी सकाळी चहा पिताना तिच्या हातातून कप निसटला. तोंड एका बाजूला ओढले गेले, बोलणे बोबडे झाले. गावातल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, "पक्षाघात वाटतोय. इथं वेळ घालवू नका, बेळगावला न्या." मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी रक्तस्राव नाही ना, हे पाहायला स्कॅन करावे लागते. गाडी मिळून निघेपर्यंत दीड तास उलटला होता.

मावसभाऊ मागे मावशीजवळ बसला, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. पहिली अडचण आली ती उसाच्या ट्रॅक्टरची. दोन ट्रॉल्या भरून ऊस, त्यावर मोठ्या आवाजात लावलेली गाणी. आमचा सायरन त्याच्या कानापर्यंत पोचणार कसा? समोरून गाड्यांची रांग, मागे आम्ही. शेवटी समोरून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने आपली गाडी कडेला घेतली आणि खिडकीतून हात हलवून ट्रॅक्टरवाल्याला थांबवले. तेवढ्या फटीतून आम्ही निसटलो.

शिनोळीत औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या दुचाकी होत्या. त्या पटापट बाजूला झाल्या, पण आम्ही पुढे जाताच त्यातल्या चार-पाच आमच्या मागे लागल्या, मोकळी वाट आयतीच मिळाली म्हणून. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "अक्का, ह्यांचीच भीती जास्त. मी ब्रेक मारला की हे सरळ मागच्या दारावर."

उचगाव फाटा ओलांडल्यावर एक कर्नाटकाची बस पुढे आली. ड्रायव्हरने काच खाली करून हाक दिली, "अण्णा, साइड कोडी!" बस लगेच डावीकडे गेली. हिंडलग्यात बाजाराची गर्दी, तिथे तोच माणूस "वाट सोडा, वाट सोडा" म्हणत होता, आणि क्लब रोडवरून चन्नम्मा सर्कलकडे येताना "दारी बिडी, दारी बिडी". एका तासात त्याने दोन भाषा चार वेळा बदलल्या असतील. सायरनला मात्र एकच भाषा होती, आणि ती सगळ्यांना कळत होती.

सर्कलला सिग्नल लाल होता. पुढच्या दोन रिक्षा आणि एक मोटार थोडी पुढे सरकून डावीकडे झाली, पोलिसाने बाजूची वाहतूक अडवली आणि आम्ही पार झालो. दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेचार तासांतला पुष्कळ वेळ हाताशी होता. स्कॅन झाले, इंजेक्शन मिळाले. मावशी आज काठी घेऊन चालते, थोडे सावकाश पण स्पष्ट बोलते.

गाडी रिकामी झाल्यावर ड्रायव्हर निघाला तो सायरन बंद करून. परतीच्या गर्दीत तोही सगळ्यांसारखा थांबत थांबत जाणार होता. मी विचारले तर म्हणाला, "पेशंट असतंय तवाच वाजवायचं, अक्का. उगीच वाजवत सुटलो तर लोकं ऐकायचं सोडत्यात. मग खरं पेशंट असलेल्या दिवशी कोण हलत न्हाई बघा."

मला वाटते, सगळा प्रश्न या वाक्यात आला. आपण वाट सोडतो ती आत कोणीतरी मरणाच्या दारात आहे असे समजून. आत डोकावून कोणी बघत नाही. हा नुसता विश्वास आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी सांभाळावा लागतो. एका फाट्यावर मी स्वतः पाहिले आहे, सायरन वाजवत आलेली रुग्णवाहिका थांबली, ड्रायव्हर उतरला, भज्यांचे पार्सल घेतले आणि पुन्हा सायरन वाजवत गेला. त्या टपरीवर उभी असलेली दहा माणसे पुढच्या वेळी वाट सोडताना विचार करतील. त्या विचाराची किंमत कोणाची मावशी देईल, सांगता येत नाही. हौसेखातर खासगी मोटारीला तसला भोंगा बसवणारेही हेच नुकसान करतात. चढउताराच्या आवाजाचा भोंगा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा मोजक्याच गाड्यांना लावता येतो.

कायदा वाट न सोडणाऱ्यालाही सोडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन गाडीला वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण शिक्षेच्या धाकापेक्षा बेंगळुरूची एक आठवण मला मोठी वाटते. जून २०१७ मध्ये ट्रिनिटी सर्कलला एका वाहतूक उपनिरीक्षकांनी चक्क राष्ट्रपतींच्या गाड्यांचा ताफा थांबवून रुग्णवाहिकेला आधी जाऊ दिले. त्यांचे देशभर कौतुक झाले. राष्ट्रपती थांबू शकतात, तर आपल्याला कसली घाई?

वाचकहो, करायचे ते फार अवघड नाही. मागून सायरन ऐकू आला की एकदम ब्रेक मारू नये. इशारा देऊन वेग कमी करावा आणि डावीकडे व्हावे. समोरून येत असेल तरी आपण आपल्या डाव्या कडेला व्हावे, कारण अरुंद रस्त्यावर तिला मधली जागा लागते. सिग्नलला अडकलो असू तर थोडे पुढे-डावीकडे सरकून फट करून द्यावी. ती गेल्यावर तिच्या शेपटीला लागू नये. तिच्या बॉनेटवरची इंग्रजी अक्षरे उलटी असतात ती पुढच्याला आरशात सरळ दिसावीत म्हणून; तेव्हा आरशावर नजर असू द्यावी. मुले गाडीत असतील तर त्यांना हे दाखवावे. आपण बाजूला झालो की ती विचारतात, "का थांबलो?" त्या उत्तरातून ती जे शिकतात ते शाळेत मराठीतून शिकोत की कन्नडमधून, पुढे त्यांच्या उपयोगी पडते.

आणि येत्या शनिवारी बाजाराला येताना ट्रॅक्टरवरचे, मोटारीतले गाणे जरा लहान आवाजात लावा. शिनोळीपासून चन्नम्मा सर्कलपर्यंत कोणाच्या तरी घरचे माणूस मागून येत असेल.