खालच्या खणातला डबा

सुताराने नकाशा काढला तो माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर. खाली ट्रॉल्या, मध्ये ग्रॅनाइटचा ओटा, वर भिंतभर कपाटं. आईने वही तिरकी धरून पाहिली, वरच्या कपाटांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे काढ बाबा. डोक्यावर काही नगं."

सुताराला वाटलं, काकूंचा हात पोचत नसेल. तो लगेच कपाटं सहा इंच खाली घ्यायला निघाला.

धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरचं हे आमचं घर पुनर्वसनातलं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जन करून गाव नुकतंच निजलेलं असताना भूकंप झाला. तेव्हाची घरं माळवदाची: मातीत रचलेल्या दोन-तीन फूट रुंद दगडी भिंती आणि लाकडांवर टाकलेली जाड माती. उन्हाळ्यात गार राहणारी हीच घरं त्या पहाटे माणसांवर बसली. पुढे सरकारने जमिनीच्या हिशेबाने घरं दिली: भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 450, त्यावर 750. आम्ही मधल्या रकान्यात बसलो. वाड्यात खण मोजणारी माणसं चौरस फूट मोजायला लागली. दहा बाय आठची एक खोली स्वयंपाकघर झाली.

आईच्या डाव्या भुवईवर एक पांढरी रेघ आहे. त्या पहाटे फळीवरचा पितळेचा डबा आधी पडला, भिंत नंतर. ती एवढंच सांगते आणि विषय बदलते.

आता फरशी. शहाबादी एका कोपऱ्यात चांगली बोटभर खचली होती, पाणी सांडलं की थेट धान्याच्या कोठीकडे पळायचं. नुसत्या नव्या टाइल्स वर चिकटवून द्या, असा सल्ला दोघातिघांनी दिला. मिस्त्री मात्र बधला नाही. खाली काळी माती, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, टाइल्स कितीही भारी असोत. त्याने सगळं उकरलं, मुरूम भरला, पाणी मारमारून धुम्मस केलं, मग कोबा. खर्च वाढला, पण त्याचं खरं होतं. टाइल्स दोन बाय दोनच्या, खरबरीत, कारण चकचकीत फरशीवर ओला पाय सरकतो. ऐंशी चौरस फुटांना पाच पेट्या पुरतात, आम्ही तुटफुटीला धरून सहा आणल्या. दोन टाइल्स कापताना गेल्याही.

प्लायवूडचा घोळ दोन दिवस चालला. दुकानात सगळंच "वॉटरप्रूफ" असतं. शेवटी आयएस 710चा शिक्का बघूनच घेतलं, म्हणजे 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासायच्या दर्जाचं. धाराशिवच्या कोरड्या हवेत एवढं कशाला, असं मीही म्हणालो, पण सिंकखाली हवा कोरडी नसते.

ओट्याच्या उंचीवर आईने सुताराला खरंच दमवलं. बत्तीस इंच, चौतीस इंच असं तो बोलत होता. तिने परात आणली, विटा रचल्या, उभ्याने भाकरी थापायचं सोंग करून बघितलं. मग सांगितलं, भाकरी मी खाली बसूनच थापणार, तेवढी जागा मोकळी सोड. म्हणून एक ट्रॉली कमी झाली. तिथे आता चूल नाही, एकाच बर्नरची गॅसची शेगडी आहे, जमिनीवर.

वरच्या भिंतीवर काही नाही. माझी बायको पुण्याहून पहिल्यांदा आली तेव्हा तिने जरा वेळ त्या भिंतीकडे पाहिलं, पण विचारलं नाही.

पितळेचा डबा अजून आहे, त्यात तूरडाळ असते. सगळ्यात खालच्या खणात तो ठेवायला गेलो, तर झाकण वरच्या फळीला इंचभर अडलं. सुतार म्हणाला, डबा बदला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने करवत काढली.