अभयदान

लहानपणी पाठशाळेत आम्हाला दानाचे चार प्रकार पाठ करायला लावत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. पहिली तीन समजायला सोपी. भुकेल्याला जेवण, आजाऱ्याला औषध, शिकणाऱ्याला पोथी. चौथं मात्र तोंडपाठ असूनही हाताला लागत नसे. अभय म्हणजे वाटीत घालून द्यायची वस्तू थोडीच आहे! जीवाला भयातून सोडवणं म्हणजे अभयदान, असं पंडितजी सांगायचे आणि मुंगीचं उदाहरण द्यायचे. माणसाच्या बाबतीत ते कसं असतं, हे मी आईच्या बाबतीत पाहिलं, तिचं घर गेल्यावर.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीचा भूकंप म्हणून सगळे त्याला ओळखतात, पण लातूर आणि उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांतली गावं त्यात आडवी झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले आणि दमून गाढ झोपले. आम्हा दिगंबर जैनांच्या घरात तो दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस, म्हणून आईचा उपवास. उपवासाने जीव घाबरा होतोय, वारं लागू दे, असं म्हणून ती अंगणात सतरंजी टाकून पडली. आत माळवदाखाली धाकटे काका, काकू आणि त्यांची शाळकरी मुलगी. ते तिघंही गेले. आई राहिली.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरीही त्या पहाटे मांडणीवरची भांडी वाजली होती. सकाळी बातम्यांत किल्लारी, सास्तूर ही नावं आली आणि पोटात गोळा आला. आमचं गाव लोहाऱ्याच्या बाजूचं. मुलाला सासूबाईंकडे ठेवून आम्ही दोघांनी गौळीगुड्याच्या बसस्टँडवरून गाडी धरली. झहिराबाद, हुमनाबाद, उमरगा हा माझा नेहमीचा माहेरचा रस्ता. उमरग्याच्या पुढे मिळेल त्या वाहनाने आणि शेवटी पायी, पावसात. आई लिंबाच्या झाडाखाली बसलेली सापडली. तिने मला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "माझं पारणं झालं गं." दगडमातीच्या ढिगाऱ्यापुढे, तीन माणसं गमावलेली बाई पारण्याचं सांगते, हे ह्यांना विचित्र वाटलं. मला नाही वाटलं. शेजारच्या लिंगायत काकूंनी, ज्यांचा स्वतःचा मुलगा ढिगाऱ्याखाली होता, पदराने पाणी गाळून तिला पाजलं होतं. दिवस असताना पाजलं होतं. हे तिला मला सांगायचं होतं.

इतकी माणसं का गेली, ते पुढे कळत गेलं. आमच्याकडची घरं दगडमातीची. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती. जाड भिंत म्हणजे मजबूत घर, अशी सगळ्यांची समजूत. पण भिंतीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू यांना एकमेकींशी बांधणारा आडवा दगड बहुतेक घरांत नव्हताच. वर लाकडाच्या तुळया आणि त्यांवर मातीचं माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर पुन्हा माती टाकायची. म्हणजे उन्हापावसापासून वाचवणारं छप्पर वर्षागणिक जड होत गेलं. जमीन हलली तेव्हा भिंती फाकल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

आठ दिवसांनी आईला बरकतपुऱ्याला आणलं. ढिगाऱ्यातून तिच्याबरोबर आलं काय, तर एक पितळी तांब्या आणि वडिलांच्या हातची हिशोबाची वही.

आईचं वय तेव्हा सत्तावन्न. आमची जागा दुसऱ्या मजल्यावर होती. ती घरात बसायची ती दाराजवळ. काचीगुडा स्टेशनवर रात्री गाडीची शिट्टी वाजली की उठून उभी राहायची. वरच्या भाडेकरूंनी खुर्ची सरकवली की जिन्यात जायची. रात्री छताखाली झोपायला तयारच नव्हती. शेवटी घरमालकीण अम्मांनी खाली अंगणात डाळिंबाच्या झाडाशेजारी खाट टाकून दिली. भाषा एकीची तेलुगू, दुसरीची मराठी, पण "आई इथे झोपू दे, मी जागी असते," हे अम्मांनी हातवाऱ्यांनी सांगितलं आणि आईला कळलं.

भेटायला येणारे खूप. आमच्यातली जाणती मंडळी यायची आणि अनित्य भावना समजावून सांगायची. घर, धन, देह काहीच आपलं नाही वगैरे. आई ऐकून घ्यायची. एकदा मात्र ती म्हणाली, "अनित्य आहे ते मला ठाऊक आहे. कुंथलगिरीला शांतिसागर महाराजांची सल्लेखना मी या डोळ्यांनी पाहिली आहे. पण आज रात्री कुठं झोपू, ते सांगा." त्यानंतर त्या विषयावर कुणी बोललं नाही.

दुसरी अडचण निराळीच. लेकीच्या घरी अन्न खायचं नाही, अशा रीतीत ती वाढलेली. माझ्या लग्नानंतर आली की पाण्याच्या पेल्याचेसुद्धा पैसे नातवाच्या हातावर ठेवून जायची. आता तर राहायलाच आली होती. नातेवाईक म्हणत, "आता कशाला जाते परत? एकुलती लेक आहे, ठेवून घ्या." ह्यांनी ते तिच्यासमोर कधी बोलू दिलं नाही. वडिलांच्या वहीची कोरी पानं आईपुढे ठेवून म्हणाले, "मावशी, तुम्ही मांडा हिशोब. वाटेल तो आकडा मांडा." (ह्यांची ती लांबची मावशी.) आईने मांडला. एका बाजूला तिचं जेवण, दुसऱ्या बाजूला तिने लाटलेले पापड, शिवलेल्या गोधड्या, निवडलेलं धान्य. तो हिशोब आमच्या कुणाच्या कामाचा नव्हता. पण वही लिहायला लागल्यापासून ती दाराजवळून उठून स्वयंपाकघरात बसायला लागली.

कागदांचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. घर गेलं की घराबरोबर माणूस कोण आहे याचा पुरावाही जातो. रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, सातबारा. एकेका कागदासाठी रजा टाकून चार-चार खेपा. दर खेपेला आईला बरोबर नेलं. तहसिलीत सही तिची, प्रश्नाला उत्तरही तिचं. आम्ही फक्त बाकावर बसायचो.

पाच महिन्यांनी ती म्हणाली, "मला गावी सोडा." गावात पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या होत्या. उन्हाळा तोंडावर. मला रडू आलं. पण तिचं म्हणणं साधं होतं. पत्रा हलका आहे, पडला तरी मारणार नाही. तिथे ती पहिल्यांदा आत झोपली. ह्यांच्याकडून हजार रुपये उसने घेऊन शेडच्या तोंडाशी मीठ, काडेपेट्या, गूळ, चहापत्ती मांडून बसली. दीड वर्षात ते हजार फिटले, तसं वहीत लिहून तिने आमची सही घेतली.

सरकारने बावन्न गावं नव्या जागी वसवायचं ठरवलं, जागतिक बँकेचं कर्ज घेऊन. जमीन किती त्यावर घर केवढं ते ठरायचं. भूमिहीनापासून एक हेक्टरपर्यंत अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत साडेचारशे, त्यावर साडेसातशे. आईच्या वाट्याला साडेचारशे आलं. तिचा अर्ज एवढाच, की लिंगायत काकूंचा शेजार हवा. तो दोन घरं सोडून मिळाला. नवं गाव मोकळंढाकळं, रुंद सरळ रस्ते, पण जुन्या गावासारखी ओट्यावरून ओट्यावर हाक पोचत नसे. बायकांना त्याचं फार वाटायचं.

घर बांधलं जात असताना आई रोज तिथे जाऊन बसायची आणि मिस्त्रीला हैराण करायची. जोत्याला सळई किती, दारावरचा पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरतो का, छताचं वजन कशावर. सातवी शिकलेली बाई मला पत्रात चित्र काढून कळवायची, "हा पट्टा घराच्या कमरेला करदोट्यासारखा असतो." ती पत्रं वाचताना माझ्या ध्यानात आलं की आई हळूहळू स्वतःच भीतीतून बाहेर येते आहे. आम्ही कुणी धीर देऊन ते होत नव्हतं. तरीही राहायला गेल्यावर पहिलं वर्ष ती व्हरांड्यातच झोपली. कुणी हटकलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एकदा मी गेले, तर खाट आत. मीही काही विचारलं नाही.

भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं पुण्याला नेऊन शिकवली. त्या कामाचा आमच्या समाजाला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. मुलांना नवीन जागी नेऊन रुजवता येतं. साठीला टेकलेल्या माणसाला तसं उपटून नेता येत नाही, एवढं मला आईने दाखवलं. त्या घरात ती आणखी चौदा वर्षं राहिली. उन्हाळ्यात दाराशी गाळलेल्या पाण्याचा माठ ठेवायची, येणाराजाणारा पिऊन जायचा. २०११ मध्ये ती गेली, दुपारी, आपल्याच खोलीत.

आता मी सत्तावन्नची आहे. २०१९ च्या पुरात सांगली आणि शिरोळकडच्या जैन घरांत पाणी शिरलं, तेव्हा इथल्या कितीतरी लेकीसुनांची माहेरं भिजली. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळच्या वणव्यात अल्टाडेना, पॅसिफिक पॅलिसेड्समधली हजारो घरं जळाली. टीव्हीवर एक म्हातारी राखेत काठीने काहीतरी शोधत होती. देश कुठलाही असो, तिच्या मुलीला फोनवर सगळे हेच सांगत असणार, की आईला घेऊन ये आता कायमची.

जरूर घेऊन यावं. पण आल्यावर तिला विचारावं, कुठे झोपायचंय. कागद करताना तिला पुढे बसवावं. तिच्या हाताला लगेच काही काम द्यावं आणि त्याचा हिशोब तिच्याकडेच ठेवावा. जुन्या शेजाऱ्यांचे नंबर शोधून द्यावेत. आणि परत जाते म्हणाली, तर का म्हणून वाद न घालता आधी तिकडचं छप्पर कशाचं आहे, ते तिच्याबरोबर जाऊन पाहून यावं.