वॉर्सा शहरीं कोल्हापूर

सुटींत आम्ही कांहीं विद्यार्थी गुरुजनांसमवेत युरोपांतील शहरें पाहण्यास गेलों होतों. व्हिएन्नाचे राजवाडे व प्राग येथील चार्ल्स पूल पाहून डोळे दिपले. परंतु मन जडलें तें पोलंडच्या राजधानींत, वॉर्सा शहरीं. तेथील जुनी पेठ प्राचीन दिसते खरी. तथापि १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्यानें तिचा शेंकडा ८५ हून अधिक भाग धुळीस मिळविला होता. पुढें नागरिकांनीं अठराव्या शतकांतील चित्रकार बेलोत्तो याच्या चित्रांवरून ती पुन्हां पूर्ववत् उभारली.

ह्याच शहरांतील एका स्मारकावर ‘कोल्हापूर’ हें नांव वाचून आम्ही थबकलों. युद्धामुळें देशोधडीस लागलेल्या सुमारें ५,००० पोलिश लोकांस १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापुरानजीक वळिवडें येथें आसरा मिळाला होता; त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं. आमच्यांतील एक मुलगी त्याच जिल्ह्यांतली. ती कांहींच बोलली नाहीं. तिनें त्या अक्षरांवरून हलकेंच हात फिरविला.

मित्रहो, पडलेल्या इमारती चित्रांवरून पुन्हां बांधतां येतात. परंतु निराश्रितास योग्य वेळीं दिलेला आसरा मागाहून देतां येत नाहीं. आपल्या दारीं कोणी आर्त आला, तर हें विसरूं नये.