तारणारा आणि मारणारा

‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण प्रश्नरूप आहे खरी. परंतु तिला उत्तराची अपेक्षा नाही. आमच्या घरी कोणी विषमज्वरातून उठला, कोणी विहिरीत पडून जिवंत वर आला, की वडीलधाऱ्यांच्या तोंडी ती ठरलेलीच असे. पुढे इतिहास वाचता वाचता एके ठिकाणी मला या प्रश्नाचे उत्तर भेटले, आणि तेव्हापासून ही म्हण उच्चारताना माझी जीभ किंचित अडखळते.

२४ मार्च १९४४ च्या रात्री ब्रिटिशांची आठशेहून अधिक विमाने बर्लिनवर बाँब टाकण्यास निघाली. त्यांतील एका लँकेस्टर विमानाच्या शेपटीकडील कोठडीत, यंत्रबंदुकांच्या मागे, निकोलस अल्केमेड हा एकवीस वर्षांचा तरुण बसला होता. ती कोठडी इतकी अरुंद, की हवाई छत्री अंगावर बांधून बसण्यास तीत जागा नसे. छत्री दाराबाहेर, विमानाच्या पोटात ठेवावी लागे. परतीच्या वाटेवर एका जर्मन विमानाने हल्ला केला आणि लँकेस्टर पेटले. दार उघडून पाहतो तो छत्रीच जळत आहे! जळून मरावे की पडून, एवढीच निवड उरली होती. त्याने पडणे पत्करले आणि सुमारे १८,००० फुटांवरून काळोखात उडी घेतली.

खाली पाइन वृक्षांचे रान होते आणि जमिनीवर मऊ बर्फ होते. फांद्यांनी त्याचा वेग मोडला, बर्फाने त्याला झेलले. शुद्धीवर आला तेव्हा पाय मुरगळलेला होता. पण हाड म्हणून एक मोडले नव्हते. छत्रीवाचून उतरलो असे सांगणारा हा कैदी गेस्टापोस लबाड वाटला, यात नवल नाही. परंतु विमानाच्या अवशेषांत त्याने सांगितल्याप्रमाणेच छत्रीची राख सापडली, आणि शत्रूनेच त्याला तसा लेखी दाखला दिला. युद्ध संपताच तो स्वदेशी परतला व १९८७ पर्यंत जगला.

येथवर म्हण खरी ठरते. वर्गात ही हकीकत सांगितली, की मुले श्वास रोखून ऐकतात आणि शेवटी हसतात. मग मी त्यांना सांगतो, की त्या विमानात सातजण होते व त्यांतले चार त्याच रात्री गेले. ब्रिटिश बाँबफेकी दलाच्या सुमारे सव्वा लाख वैमानिकांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले. आणि ज्या शहरांवर ते बाँब टाकीत, तेथेही मुले-माणसे झोपलेली होतीच. या सर्वांस देवाने तारले नाही, असे म्हणावयाचे काय? वर्गात मग कोणी बोलत नाही.

परंतु मला अडवते ती याहून वेगळी गोष्ट. नेमक्या त्याच रात्री सागान येथील युद्धकैद्यांच्या छावणीतून ७६ वैमानिक भुयारातून निसटले. त्यांतील बहुतेक आकाशातून कोसळूनही वाचलेले, म्हणजे आपल्या म्हणीप्रमाणे देवाने तारलेलेच होते. तिघे स्वतंत्र भूमीवर पोहोचले. ७३ पुन्हा सापडले. पळू पाहणाऱ्या कैद्यास शिस्तभंगाच्या शिक्षेपलीकडे शिक्षा देऊ नये, असा १९२९ चा जिनिव्हा करार होता व जर्मनीने तो मान्य केला होता. तरीही हिटलरच्या हुकुमावरून त्यांतील ५० जणांस गोळ्या घातल्या गेल्या. १९४७ साली हॅम्बुर्ग येथे खटला उभा राहिला, आणि ‘कोण मारी’ या प्रश्नास नावानिशी उत्तरे मिळाली.

झाडांना मन नसते, बर्फाला दया नसते. तरी त्यांनी एकाला झेलले. ज्यांना मन होते, कायदा ठाऊक होता, कागद वाचता येत होता, त्यांनी पन्नासांना मारले. आकाशातून पडणाऱ्याचे काय व्हावे, हे कोणाच्या हाती नव्हते. जमिनीवर हाती आलेल्याचे काय करावे, हे मात्र सर्वस्वी माणसाच्या हाती होते.

म्हण मी टाकलेली नाही. घरातले आजारी माणूस उठून बसले, की आजही ती ओठांवर येतेच. फक्त ती म्हणताना आता शेवटी क्षणभर थांबतो. देवाने तारलेल्यास माणूस मारू शकतो. म्हणून तारण्याचे काम एकट्या देवावर सोपवून आपल्याला मोकळे होता येत नाही.