पोस्टरवरचा फेस

फिट आलेल्या माणसाकडे तुम्ही कधी जवळून पाहिलंय का? नसेल, तरी फिटचं चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. भुताच्या सिनेमाच्या पोस्टरवर.

माझा भाचा पुण्यात फिल्ममेकिंग शिकतो. वर्गातल्या मुलांनी मिळून वीस मिनिटांची हॉरर फिल्म केली, पोस्टरचं काम याच्याकडे आलं. मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून विचारतो, "मामा, भीती वाटते का सांग." पाठ कमानीसारखी वाकलेली मुलगी, डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. (दाढीच्या क्रीमचा, हे नंतर कळलं.) खाली रक्त ओघळणारी अक्षरं, ती तर ठरलेलीच. फोटो उत्तम होता आणि तीच अडचण होती. मी लिहिलं, "ही फिट आहे." त्याचं उत्तर, "नाही, तिच्या अंगात आलंय."

आता त्या फोटोतली एकेक गोष्ट बघू. मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी अनावर विद्युतसंदेश सोडू लागल्या की मोठी फिट येते. सगळे स्नायू एकदम आवळले जातात, म्हणून शरीर ताठ होतं, जबडा घट्ट मिटतो. बुबुळं वर जातात आणि पांढरा भाग तेवढा दिसतो. छातीचे स्नायू आवळल्यामुळे आतली हवा स्वरयंत्रातून जोरात बाहेर पडते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारी ती किंकाळी म्हणजे एवढंच. लाळ गिळता येत नाही, ती श्वासाबरोबर घुसळली जाते, त्याचा फेस होतो. जीभ चावली गेली असेल तर तो लालसर दिसतो. नंतर काही वेळ रुग्ण गोंधळलेला असतो, घरच्यांनाही ओळखत नाही. मग घरचे म्हणतात, बघा, ही आमची मुलगीच नव्हे.

आणि तिथून वाट देवऋष्याकडे जाते.

माझ्या एका रुग्ण मुलीला हॉस्टेलवर फिट आली. दुसऱ्या दिवशी रूममेटने खोली बदलून घेतली. तेव्हापासून ही मुलगी गोळ्या लपवून ठेवू लागली, लपवता लपवता चुकवू लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात बाथरूममध्ये पडून डोक्याला टाके पडले. औषध नीट घेतलं तर दहापैकी सुमारे सात जणांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. तिच्याही थांबल्या होत्या. जवळपास प्रत्येक कॉलेजात अशी गोळी खाणारं कुणीतरी असतंच, आणि ते पोस्टर कॉलेजच्या जिन्यात लागणार होतं.

हे भाच्याला सांगितलं तर तो गप्प झाला, पण पटल्यासारखा नाही. "पण मग भीती कशाची दाखवू?" प्रश्न रास्त होता. मी त्याला 1973 च्या 'द एक्झॉर्सिस्ट'चं पोस्टर उघडायला लावलं. झपाटलेल्या मुलीवरचा जगातला बहुधा सर्वांत गाजलेला सिनेमा, आणि पोस्टरवर मुलगीच नाही! रात्र, धुकं, दिव्याच्या खांबाजवळ हॅट घातलेला, हातात बॅग घेतलेला एक माणूस, आणि वरच्या खिडकीतून त्याच्यावर पडणारा उजेड. त्या खोलीत काय आहे ते आपण मनात रंगवतो. मग फेसाची गरजच उरत नाही.

दोन दिवसांनी नवं पोस्टर आलं. चाळीतला लांब व्हरांडा, सगळी दारं बंद, एकच किलकिलं. दाराबाहेर मुलीच्या चपला, पण त्यांची टोकं भिंतीकडे. खरं सांगतो, हे पाहून मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

चपलेवरून आठवलं. फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, हातात किल्ल्या कोंबू नका, तोंडात चमचा तर मुळीच घालू नका. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, झटके ओसरताच कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध यायच्या आत दुसरी आली किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर 108 ला फोन करा.

पोस्टर बदललं, फिल्ममधला फेस मात्र अजून तसाच आहे. त्यांची दिग्दर्शिका ऐकायला तयार नाही. म्हणते, पोस्टर तुमचं, सीन माझा. रविवारी ती आमच्याकडे चहाला येते आहे.