शेकरूचं घर

राणीची बाग पाहिल्यापासून आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांचं एकच उत्तर: सगळे प्राणी पिंजऱ्यात राहतात! चित्रं दाखवून मी थकले. शेवटी भीमाशंकरला गेलो. देवदर्शनानंतर रानवाटेवर डोक्यावर खसखस झाली. पाहते तो शेकरू! तांबूस, शेपटीसकट दोन हात लांब. (१९८५ सालचं हे अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठीच.) उड्या झाडावरून झाडावर, जमिनीवर क्वचितच. उंच फांद्यांत काटक्या-पानांची मोठाली घरटी, एकट्याची अनेक!

घरी आल्यावर खुर्च्यांची झाडं मांडली, उशीचं घरटं केलं. जमिनीला पाय लावायचा नाही, हा नियम. मग मी मधली खुर्ची मुद्दाम काढली. चिरंजीव रडवेले.

"आई, आता शेकरू घरी कसं जाणार?"