उल्कादर्शनासाठीं अंधाराचा शोध

वर्षांतील ज्या दोन उल्कावर्षावांची ख्याति विशेष, त्यांपैकीं ऑगस्टमधील ययाति तारकासमूहाचा वर्षाव आम्हां सह्याद्रीकडील लोकांच्या वांट्यास बहुधा येत नाहीं. त्या दिवसांत आकाश मेघांनीं झांकलेलें असतें. मिथुन राशीचा वर्षाव मात्र डिसेंबरच्या १३-१४ तारखेस, निरभ्र थंडींत होतो. याचें मूळ १९८३ सालीं सांपडलेला फेथॉन नांवाचा लघुग्रह मानला जातो. त्याचे कण सेकंदाला सुमारें ३५ किलोमीटर वेगानें वातावरणांत शिरून जळतात. उत्तम काळोखांत तासाला शंभरांहून अधिक उल्का पडतांना दिसूं शकतात. शहरांतील गच्चीवरून त्यांपैकीं अगदीं थोड्याच पदरीं पडतात. म्हणून कधीं पाहावें यापेक्षां कोठून पाहावें हाच प्रश्न मोठा.

२०२३ सालीं आमच्या पुण्याच्या घरांत हा प्रश्न निघाला. तरुण मंडळींचा कौल सिंहगडास होता. गड जवळचा, उंच आणि ओळखीचा. परंतु येथें उंचीपेक्षां दिशा महत्त्वाची. पुणें शहर गडाच्या ईशान्येस पसरलें आहे आणि मिथुन राशिही संध्याकाळीं त्याच अंगास उगवते. ज्या बाजूकडे पाहावयाचें तीच दिव्यांच्या झळाळीनें फिकी! दुसरी सूचना हरिश्चंद्रगडाची होती. तेथील काळोख दाट खरा, पण चढण अवघड. ज्या काळोखापर्यंत घरांतील आजी पोंचूं शकत नाहीं, तो कितीही गर्द असला तरी कुटुंबाच्या काय उपयोगाचा?

अखेर भंडारदरा ठरलें. तेथून नाशिक उत्तरेस आणि मुंबई दूर नैर्ऋत्येस राहते. पूर्वेस राजूर, अकोले अशीं लहान गांवें आहेत, त्यामुळें राशि उगवते ती बाजू बरीच काळी असते. कळसूबाईचें शिखर वायव्येस असल्यानें आड येत नाहीं. मुक्कामाच्या दारापर्यंत गाडी जाते, हा लाभ वेगळाच. पंचांगही अनुकूल होतें: तेरा तारखेस मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, म्हणजे रात्रभर चंद्राचा अडथळा नाहीं. शिवाय बुधवार असल्यानें पर्यटकांची गर्दी नव्हती. जाण्यापूर्वीं प्रत्येकानें तिथि अवश्य पाहावी. पौर्णिमेच्या जवळ वर्षाव आला तर उत्तम जागाही व्यर्थ जाते.

जलाशयापासून थोडें दूर, उघड्या माळावर आम्ही घोंगड्या अंथरल्या. पाण्याकांठीं दंव अधिक पडतें, आणि झाडांखालीं आकाश अर्धेंच दिसतें. दुर्बिणीचें येथें कामच नाहीं. उताणें पडून जितकें आकाश नजरेंत मावेल तितकें पाहावें. काळोखास डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि एकदां मोबाइल उघडला कीं तेवढी तपश्चर्या वायां जाते. विजेरीवर लाल कागद बांधावा हें उत्तम.

मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास पुनर्वसूच्या तारा जवळजवळ डोक्यावर आल्या आणि उल्कांस बहर आला. मुलें मोजतां मोजतां थकलीं. परंतु आम्हांस त्याहून मोलाचें वाटलें तें निराळेंच. आजींनीं बोटानें रोहिणी, मृग, पुनर्वसु, पुष्य अशी नक्षत्रें ओळीनें दाखविलीं. मुलांस हीं नांवें पाठ होतीं, पण तीं आकाशांत आहेत हें त्यांनीं प्रथमच पाहिलें. घरांत तीन पिढ्या एकत्र असूनही हें ज्ञान पुढें गेलें नव्हतें, कारण तें देण्यास लागणारा काळोखच शहरांत उरला नव्हता.

हा काळोख राखतां येतो, हेंही ध्यानांत असावें. नागपूर जिल्ह्यांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें गडद आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठीं आसपासच्या वाघोली, सिल्लारी आदि गांवांतील दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळविण्यांत आला. गांवें अंधारांत गेलीं नाहींत. केवळ आकाशाकडे वायां जाणारा उजेड थांबला.

तेव्हां यंदा वाचकांनीं जागा निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या: शहर कोणत्या दिशेस आहे, तिथि कोणती आहे, आणि घरांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान माणूस तेथें रात्र काढूं शकेल कीं नाहीं. पहिल्या दोन गोष्टी उल्का दाखवितील. तिसरी त्या कायमच्या आठवणींत ठेवील.